एक पडला तर सावरायचं

शंकरसिंग आचाऱ्याच्या वीराने आपल्याच सोबतिणीच्या पाठीत तलवार घातली, तेव्हा रविवारचे चार वाजले होते आणि पद्माबाई चहा गाळत होत्या.

"मेली?" संगिताने विचारलं. ती अंगणवाडीत शिकवायची आणि खेळात चपळा नावाची तिरंदाज व्हायची; घाव त्या चपळेलाच बसला होता.

"मेली न्हाई, पण पडली," धम्मानंद गुरुजी वहीत बघून म्हणाले. "दोन दिवस उठता येणार न्हाई."

"राक्षसानं मारलं असतं तं कायी वाटलं न्हसतं," संगिता म्हणाली. "आपल्याच माणसानं?"

शंकरसिंग फाशाकडे बघत बसला. सतरंजीवर बोराएवढा वीस बाजूंचा फासा पडला होता आणि त्याच्या वरच्या बाजूला एकचा आकडा होता. हा आकडा त्याला गेल्या तीन रविवारांत पाच वेळा भेटला होता.

हा खेळ सेनगावात आणला गुरुजींनी. औरंगाबादला डी.एड. करताना वसतिगृहातल्या एका पोराकडे त्याचं पुस्तक होतं. गुरुजींनी त्याची झेरॉक्स मारून आणली आणि येताना एक फासाही मागून घेतला. प्रत्येकाने एक वीर मनाने उभा करायचा, गुरुजींनी गोष्ट सांगत जायची आणि घाव बसला की हुकला ते फाशाने ठरवायचं, एवढाच खेळ. वीस पडला की घाव जबर, एक पडला की फजिती. पण फजितीत नेमकं काय होतं हे ज्या पानावर छापलं होतं, ते पान झेरॉक्समध्ये काळंकुट्ट आलं होतं. मग गुरुजींनी दोनशे पानी वही घेतली, वर 'घरचे नियम' असं लिहिलं आणि फजित्या स्वतःच ठरवल्या. एक पडला की लुडोचा साधा फासा टाकायचा. त्यात एक आला तर चप्पल तुटली, दोन आले तर कमरेचा पट्टा सुटला, असं करत करत सहा आले तर घाव सोबत्याला. शंकरसिंगला दर वेळी सहाच यायचे.

"गुरुजी, एक इचारू का?" शंकरसिंग अखेर म्हणाला. "माझा गडी दोन वर्सं लढून राहिला. इतका पक्का झाला की एका दमात तीन वार करतो. बराबर?"

"बराबर."

"म्हंजे मी तीनदा फासा टाकतो. ताई एकदा टाकते. हा वसराम तं झाडामागं लपून बसतो, तो टाकतच न्हाई. मंग एक कोनाला जास्त पडंल?"

झाडामागे लपलेला वसराम, म्हणजे सेनगाव–हिंगोली जीप चालवणारा तांड्यावरचा वसराम, चहाच्या कपामागे लपला.

"म्हंजे जो जास्त काम करतो, त्याच्याच हातून जास्त चुका," शंकरसिंग म्हणाला, "आन् बसून खातो तो निर्दोष. हा कोनता न्याय?"

गुरुजी वहीचं पान उलटू लागले. त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेतले एक साहेब उभे राहिले. त्यांनी अठरा वर्षांत फळ्यावर एकही ओळ लिहिली नव्हती आणि त्यामुळे त्यांच्या हातून शुद्धलेखनाची एकही चूक झालेली नव्हती. पण नियम वहीत शाईने लिहिलेला होता, आणि शाईने लिहिलेलं सहसा बदलू नये असं गुरुजींना वाटायचं.

खरी गोष्ट अशी, की शंकरसिंगला खेळातल्या तलवारीचं काही नव्हतं. त्याला त्या एकाची भीती बसली होती. सोळा वर्षं तो लग्नाच्या पंगती करत होता, आणि त्याचं अन्न बिघडलं असं म्हणणारा माणूस तालुक्यात नव्हता. तो चाखूनसुद्धा बघत नसे. मुठीने मीठ टाकायचा, वाफेचा वास घ्यायचा आणि झाकण ठेवायचा. आचाऱ्याचं नाव एका पंगतीत जातं हे त्याने पाहिलं होतं. जवळा बाजारच्या एका चांगल्या आचाऱ्याचं वरण एकदा, फक्त एकदा, करपलं होतं. त्याला लोक करप्या म्हणू लागले. पुढे त्याने आचारकी सोडून पंक्चरचं दुकान टाकलं, तर लोक म्हणायचे, करप्याकडून हवा भरून आण. त्याच्या नातवालाही शाळेत करप्याच म्हणतात.

"येत्या इतवारी गुरुजींच्या बहिनीचं लगन," शंकरसिंग हळूच म्हणाला. "आन् मला हे असे एकावर एक पडून राहिले."

तेव्हा पद्माबाई चहाचे कप गोळा करत होत्या. गुरुजींच्या आई. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा फासे पाहून त्यांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं होतं. पैसे लावत नाहीत हे कळल्यावर त्यांना जास्तच काळजी वाटली होती. पैसे न लावता फासे टाकणारी माणसं त्यांनी बघितली नव्हती. पण हळूहळू त्या चहा देता देता ऐकू लागल्या होत्या.

"धम्मा," त्या म्हणाल्या, "एकाचा हात चुकला तं बाकीचे काय बघत बसतेत व्हय रे? निंदायला गेलं आन् एकीचं खुरपं पिकावर पडायलं, तं शेजारची हात धरती. धरती का न्हाई?"

"धरती."

"मंग? सावरावं. आन् गुपचूप सावरावं. बोभाटा करून सावरलं तं त्या मानसाची इज्जत काय राह्यली?"

गुरुजींनी वही उघडली. आईने सांगितलेलं शाईने लिहायला त्यांना कधीच हरकत नसायची. नियम असा झाला: सोबत्याचा एक पडला, तर कोणीही आपला डाव सोडून तो सावरावा. तोंडाने बोलू नये. आपला चिंचोका नुसता त्याच्या चिंचोक्याशेजारी सरकवावा. खेळात प्रत्येकाच्या वीराच्या जागी एकेक चिंचोका असे, आणि गोष्ट सांगणाऱ्या गुरुजींचाही एक असे.

लगेच पुढच्या डावात शंकरसिंगला पुन्हा एक पडला आणि तिघांचे हात एकदमच पुढे आले. शंकरसिंगने त्या तीन चिंचोक्यांकडे बघितलं आणि उगाचच डोळे चोळले. धुराची सवय असलेल्या माणसाचे डोळे असे चटकन भरत नाहीत, पण भरले.

लग्नाचा दिवस उजाडला. दुपारी बाराची वेळ ठरली होती आणि पहाटेपासून शंकरसिंगने घरामागच्या मोकळ्या जागेत चूल पेटवली होती. नवरदेव कनेरगाव नाक्याचा. तिकडची शंभर, इकडची दीडशे, आणि वर आचाऱ्याच्या अंदाजाने पन्नास, अशा तीनशे माणसांची वांग्याची भाजी मोठ्या कढईत रटरटत होती. शेजारच्या पातेल्यात तुरीची डाळ नुसतीच शिजत होती. तिला अजून मीठ-फोडणी व्हायची होती.

नऊच्या सुमारास शंकरसिंगने मिठाचा पुडा फोडला, भाजीत मोजून आठ मुठी टाकल्या, वास घेतला आणि उरलेलं मीठ वरणासाठी म्हणून फळीवर ठेवलं. झाकण ठेवणार तोच मोटारसायकलचा आवाज आला. नवरदेवाचे मामा नरसिंग व्यवस्था बघायला तीन तास आधीच आले होते.

"आचारी कोन हाय?" नरसिंगमामांनी मांडवातूनच विचारलं.

शंकरसिंग हात पुसत गेला. नरसिंगमामांनी त्याला पाण्याच्या टाकीपाशी उभा केला आणि गेल्या वर्षी एका लग्नात बुंदी कशी कच्ची निघाली होती ते सांगायला सुरुवात केली. ही हकिगत लांबली.

इकडे वसराम जीपमधून खुर्च्या उतरवून चुलीकडे आला. बघतो तर कढई उघडी, मिठाचा पुडा फोडून फळीवर ठेवलेला, आणि आचारी लांब मामांपुढे मान डोलावत उभा. वसरामने ओळखलं: दादा मीठ टाकायला गेला आणि मामाने मध्येच ओढून नेला! म्हणजे आज, याच लग्नात, दादाचा एक पडला.

जाऊन विचारणं सोपं होतं. पण शंकरसिंग आचाऱ्याला, तेही वरपक्षासमोर, 'मीठ टाकलं का?' असं विचारायचं म्हणजे त्याला भर मांडवात करप्या म्हणण्यासारखंच होतं. शिवाय नियम होता: तोंडाने बोलू नये. वसरामने इकडेतिकडे पाहिलं आणि तीन मुठी मीठ भाजीत सोडलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच झाडामागून बाहेर आल्यासारखा ताठ चालत तो निघून गेला.

पाच मिनिटांनी संगिता आली. तिने तेच दृश्य पाहिलं आणि तेच ओळखलं. पण संगिता हिशेबाने वागणारी होती. अंगणवाडीत चाळीस लेकरांच्या खिचडीला एक मूठ लागते हे तिला पाठ होतं. त्या मानाने तीनशेंना साडेसात. पण दादाने अर्धं तर टाकलंच असेल, असा सुज्ञ विचार करून तिने फक्त तीन मुठी टाकल्या, हात धुतले आणि वधूच्या केसांत गजरा माळायला गेली.

मग आले गुरुजी. त्यांनी कढई पाहिली, पुडा पाहिला आणि त्यांना आपल्या वहीची लाज वाटली. या माणसाला आपण तीन रविवार हैराण केलं, त्याच्या मनात भीती घातली, आणि आज तो खरोखरच विसरला. गुरुजींनी जन्मात कधी भाजी केली नव्हती. त्यांनी एक मूठ टाकली. मग तीनशे माणसं आठवून आणखी अर्धी टाकली, आणि चष्मा पुसत मांडवाकडे गेले.

नरसिंगमामांची बुंदी संपल्यावर शंकरसिंग परतला. त्याने भाजी ढवळून झाकण ठेवलं. त्यानंतर मात्र त्याला चमत्कारिक वाटू लागलं. वसराम येता-जाता त्याच्याकडे बघून मान हलवत होता. संगिताने लांबूनच 'काळजी करू नका' असा हात केला. गुरुजी तर जवळ येऊन त्याच्या खांद्यावर थोपटून गेले.

"काय झालं?" शंकरसिंगने विचारलं.

"कायी न्हाई, दादा," गुरुजी प्रेमाने म्हणाले. "काय झालं न्हाई तेच चांगलं."

अकराला वसरामला भूक लागली. त्याने एका पोळीवर चमचाभर भाजी घेतली, तोंडात घातली आणि तसाच उभा राहिला. त्याला गिळवेना आणि मांडवाच्या दारात थुंकवेना. त्याने खुणेनेच संगिताला बोलावलं. तिने बोटभर चाखलं आणि गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी चाखलं आणि पाणी मागितलं.

"मी तीन मुठी टाकलं," वसराम कुजबुजला. "दादा इसरला म्हनून."

"तुमी बी?" संगिता म्हणाली.

गुरुजी बराच वेळ पाणीच पीत होते.

"गुरुजी, तुमी किती?"

"दीड," गुरुजी म्हणाले.

तिघे चुलीपाशी गेले आणि मान खाली घालून शंकरसिंगला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्याने स्वतःची भाजी पळीवर घेऊन चाखली. थोडा वेळ तो काहीतरी चघळत राहिला, दाताखाली कचकन काही वाजलं, आणि तो उपड्या घमेल्यावर मटकन बसला.

"पडला," तो म्हणाला. "अखेर एक पडला."

"तुमचा न्हाई दादा, आमचा," संगिता रडवेली झाली. "तुमचं मीठ बराबर व्हतं. आमी सांगतो समद्यायला."

"काय सांगतान? आचाऱ्याच्या कढईत समद्या गावानं मीठ टाकलं आन् आचाऱ्याला पत्ता न्हाई? कढई माझी हाय. तिच्यात पडलं ते माझंच."

तो उठला आणि सरळ पद्माबाईंकडे गेला. त्या पांढऱ्या साडीतल्या लेकीच्या कपाळावरची बट मागे सारत होत्या. तिला सोडून त्या दारापर्यंत आल्या.

"मावशी, भाजी खारट झाली. दुप्पट मीठ हाय. माझ्या हातून झालं. घंटाभर द्या, कायीतरी करतो."

दुसरी एखादी वधूमाय असती तर तिने आभाळ डोक्यावर घेतलं असतं. पद्माबाई शंकरसिंगच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नजर खाली वळवली.

"व्हतं दादा, हातून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मानसाच्याच हातून व्हतं. तुमी पुढचं बघा."

या बाईचं मन केवढं मोठं, असं मागे उभ्या असलेल्या तिघांनाही वाटलं. गुरुजींना तर आपल्या आईचा फार अभिमान वाटला.

पुढचा तासभर शंकरसिंग जे लढला, ते त्याच्या वीराला दोन वर्षांत जमलं नव्हतं. त्याने भाजी दोन कढयांत वाटली. शेजारची बिनमिठाची सगळी डाळ घोटून दोन्हींत ओतली. वसरामला बटाट्यांसाठी जीप घेऊन पिटाळलं, संगिताला शेंगदाण्याचा कूट करायला बसवलं, आणि गुरुजींना चिंच कोळायला लावली, कारण त्यात मुठीचा संबंध येत नव्हता. मग गूळ पडला, वर लसणाची खमंग फोडणी पडली. मांडवात त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा दोन कढया काठोकाठ भरल्या होत्या. शंकरसिंगने आता दर दोन मिनिटांनी चाखायला सुरुवात केली होती. सोळा वर्षांचं चाखायचं राहिलेलं तो एका दिवसात भरून काढत होता.

"एवढं खाईल कोन पन?" वसराम म्हणाला. "पाच-सहाशे मानसायचं झालं हे."

त्याच वेळी रस्त्यावर हॉर्न वाजला. वऱ्हाडाच्या ठरलेल्या गाड्या तर केव्हाच आल्या होत्या. आता त्यांच्यामागून चार जिपा आणि दोन टेम्पो येऊन उभे राहिले. टेम्पोतून माणसं उतरतच होती. शंभर ठरलेले पावणेतीनशे झाले. गुरुजी बोटांवर डोकी मोजू लागले. नरसिंगमामा मात्र मिशीवरून हात फिरवत उभे होते. आता मुलीकडच्यांची फजिती होणार आणि ती आपल्याला पुढची दहा वर्षं सांगता येणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

पंगती बसल्या. एक उठली, दुसरी बसली, तिसरी बसली. वाढपी कढईपर्यंत रिकाम्या बादल्या आणत होते आणि भरून नेत होते. मधे भात आणखी एकदा टाकावा लागला, पण काहीच कमी पडलं नाही.

नरसिंगमामा तिसऱ्या पंगतीला बसले. त्यांनी वरण मागितलं.

"वरन न्हाई मामा," शंकरसिंग स्वतः वाढायला आला. त्याने पळी पुढे केली. "दाळवांगं हाय."

"लग्नात वरन न्हाई?" मामा मोठ्याने म्हणाले. आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. मामांनी भात कालवला, एक घास घेतला, चावला, आणि पुढचं बोलायचं विसरले. त्यांनी आणखी दोनदा भात घेतला. हात धुतल्यावर ते चुलीपाशी आले.

"आचारी, दिवाळीनंतर माझ्या दिपाचं लगन हाय. कनेरगावला यायचं. आन् हेच करायचं. बराबर हेच, असंच. जरा बी फरक नको."

शंकरसिंगने मागे वळून तिघांकडे बघितलं.

"येतो की मामा," तो म्हणाला. "पन या तिघायला संगं आनावं लागंल. त्यायच्याशिवाय हे जमत न्हाई."

दोन आठवड्यांनी पुन्हा रविवारचा डाव बसला. वहीत एका ओळीची भर पडली होती: सावरण्याआधी विचारावे. शंकरसिंगने पहिलाच फासा टाकला आणि एक पडला.

"दादा, सावरू का?" तिघांनी एकदम विचारलं.

शंकरसिंग हसला. गंमत अशी की त्याला त्या आकड्याची भीती वाटेनाशी झाली होती. "थांबा जरा," तो म्हणाला, कारण पद्माबाई कैरीच्या फोडी आणि वाटीत मीठ घेऊन आल्या होत्या. त्याने एक फोड मिठात बुडवून तोंडात टाकली. दाताखाली कचकन वाजलं.

तो चघळायचा थांबला. त्याने वाटीतला एक टपोरा खडा बोटांत धरून उजेडात बघितला.

"मावशी, हे खडेमीठ कुठलं?"

"घरचंच हाय. लोनच्याच्या बरनीतलं. काहून?"

"कायी न्हाई. त्या दिवशी भाजी चाखली, तवा असाच न इरघळलेला खडा दाताखाली आला व्हता, म्हंजे कोनीतरी नुकताच टाकलेला. माझ्या सामानात तं समदं पुड्याचं बारीक मीठ. या तिघायनं बी पुड्यातलंच टाकलं. मी पंधरा दिवस इचार करून राहिलो, खडा आला कुठून."

गुरुजींनी आईकडे पाहिलं. संगिताने वसरामकडे पाहिलं. पद्माबाईंनी पदर सारखा केला, मग पुन्हा एकदा सारखा केला.

"नियम कोनाचा व्हता?" त्या म्हणाल्या. "माझाच ना? मंग तुमी समदे सावरतान आन् मीच बघत बसू व्हय?"

पद्माबाई सतरंजीच्या कडेला बसल्या. कैरीच्या ताटलीत कोपऱ्यात एक चिंचोका होता; तो त्यांनी उचलला आणि शंकरसिंगच्या एकट्या पडलेल्या चिंचोक्याला खेटून ठेवला.

"आई," गुरुजी वहीवर बोट ठेवून म्हणाले, "आता आधी इचारायचं ठरलंय."

"सोताच्या पोरीच्या लग्नात इचारलं न्हाई," पद्माबाई म्हणाल्या, "आता काय इचारू? नाव लिव माझं."

गुरुजींनी पेन उघडलं आणि शाईने लिहिलं.